सहभागी क्रमांक सातचं उत्तर

काल दुपारी औरंगपुऱ्यात माझ्या टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानावर एक थीसिस बाइंडिंगला आला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं... त्यातल्या मुलाखती दोन महिन्यांपूर्वी मीच टाइप केल्या होत्या.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाडू मारता मारता टायपिंग शिकलेला माणूस मी. मेडिकलचा थीसिस म्हणजे तक्ते आणि टक्केवारी, एवढंच माहीत. हा थीसिस लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तेव्हा चहा पिता पिता समजावलं, "काका, याला क्वालिटेटिव्ह रिसर्च म्हणतात. टीबीच्या गोळ्या मध्येच का सोडल्या, ते पेशंटच्याच तोंडून ऐकायचं. अडखळला, गप्प बसला, तेही लिहा. तोच आपला डेटा."

लई आवडलं मला. म्हटलं, चला, कुणीतरी ऐकून घ्यायला लागलं.

मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकत हेडफोन लावून बसलो. सातवी मुलाखत मेंढरांमागं फिरणाऱ्या एका बाईची. म्हणाली, "केंद्रावर तीन खेपा घातल्या साहेब. गोळ्या आल्या नाय म्हणायचे..." तेवढ्यात शेजारून दबका आवाज, आरोग्य केंद्रातल्याच कुणा बाईचा. "विसरले म्हण की. कशाला वाढवती?"

मग बराच वेळ काहीच नाही. लांब कुत्रं भुंकतंय... शेवटी ती म्हणाली, "व्हय. विसरलेच मी."

मी सगळं टाइप केलं. दबका आवाज, तिचं गप्प बसणं, सगळं. सांगितलंच होतं तसं.

डॉक्टरांनी वाचून कपाळाला हात लावला. "काका, तेवढं काढा. माझे गाइड सर म्हणतात शेवटचं उत्तर धरा. त्या केंद्राशी वाकडं कशाला?"

"अहो, पण ती तर..."

"रिसर्च मला करू द्या ना काका." हसूनच म्हणाले. पोरगं वाईट नाही.

मी काढलं. चार ओळी होत्या, कितीसा वेळ लागतो...

काल पानं जुळवताना ते पान समोर आलं. इंग्रजीत मथळा, रुग्णांचा निष्काळजीपणा. खाली तिचं एकच वाक्य, मी विसरले. अवतरणचिन्हांत.

तिला पुढं गोळ्या मिळाल्या का, खोकला थांबला का, कुठंच नाही. हे वाचून उद्या कुणी तिच्या वस्तीवर गेलंच, तर बायांना समजावायला जाईल, विसरू नका म्हणून. गोळ्या घेऊन कुणी जाणार नाही.

सुरुवातीला आभाराचं पान आहे. त्यात माझंही नाव आहे... अचूक टायपिंगबद्दल.