अक्काच्या पिल्लांची पेटी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही — विठोबापुढे उभा राहिलो की टाळ इतका जोरात वाजवायचो की दुसरं काही आठवूच नये. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल बहुतेक.

आधी एक सांगून टाकतो. मी उत्तम शिंपी आहे. यात खोटा विनय कशाला? कुंभकोणमला आमची मराठी शिंप्यांची पाच-सहा घरं एकाच गल्लीत, आणि त्यात माझ्यासारखा हात कुणाचाच नव्हता. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील, मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. आपल्याला न जमणारं काही जगात असू शकतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

माझी थोरली बहीण, अक्का, विधवा होऊन माहेरी आली होती. तिचे सासरचे तिरुविडैमरुदूरला राहायचे. मोठं खटलं, आणि त्यांना रांधायला कुणीतरी हवं होतं. अण्णा, आमचे थोरले बंधू, तिला परत पाठवायच्या विचारात होते. अक्काला जायचं नव्हतं. तिनं सरकारी फार्मातून विलायती पांढऱ्या कोंबडीची पंचवीस पिल्लं आणली, एका दिवसाची. मोठी झाली की अंडी मिलिटरी हॉटेलवाल्याला, म्हणजे मटण-अंड्यांच्या खाणावळीला, द्यायची आणि आपल्या पायावर उभं राहायचं, असा तिचा बेत. गळ्यात तुळशीमाळ घालणाऱ्या अण्णांच्या परसात कोंबड्या! पण अक्का हटली नाही. शेवटी अण्णा म्हणाले, महिनाभर बघू. जगली तर मागची पडवी तुझी. नाही तर सासरी जायचं.

पिल्लांना ऊब देणारी पेटी मी करतो म्हणालो. माझ्याशिवाय कोण करणार होतं?

आणि केलीही झकास! शिवणयंत्र ज्या खोक्यातून आलं होतं ते घेतलं. तापल्या सळीनं बाजूंना भोकं पाडली. पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात असं ऐकलं होतं, म्हणून पुठ्ठा वाकवून चारही कोपरे गोल केले. दुकानातून वायर ओढून चाळीसचा दिवा टांगला — दोरी अशी की ऊब जास्त झाली तर दिवा वर घ्यावा, कमी झाली तर खाली. एका बाजूला फ्लॅनेलचा पडदा. सगळी गल्ली बघायला आली.

राहिलं अंथरूण. आमच्या घरात कातरणाचा एक तुकडा कुणी टाकत नाही. उशा, गाद्या, बाळाची दुपटी, सगळं त्यातूनच होतं. मी रेशमी चोळ्यांच्या कातरणांचा आणि दोऱ्याच्या तुकड्यांचा चार बोटं जाड थर घातला. परसाच्या भिंतीपलीकडे पोन्नम्मा राहायची. जन्मभर बदकं-कोंबड्या पाळलेली बाई. तिनं भिंतीवरून डोकावून बघितलं आणि म्हणाली, "तंबी, नूलु वेण्डाम. उमि पोडु." दोरा नको, भाताचं तूस घाल.

मी हसलो. म्हटलं, शिंप्याच्या घरची पिल्लं तुसावर निजतील होय?

चार दिवस सगळं छान चाललं. पाचव्या दिवशी दुपारी अक्का धुणं घेऊन कावेरीवर गेली होती. मी झाकण उघडलं. सात पिल्लं निपचित पडली होती. आणखी कितीतरींच्या पायांना रेशीम गुंडाळलेलं, पाय सुजून काळे झालेले. एकाच्या चोचीतून दोरा लोंबत होता. मी तो ओढला — तो येतच राहिला. पिल्लं चार दिवस दोरे गिळत होती.

मग मी काय केलं असेल? ओरडलो? पोन्नम्माला हाक मारली? तिला सगळं कळलं असतं, एखाददुसरं वाचलंही असतं. मी बारीक कात्री आणली आणि एकेका पायावरचा दोरा कापून काढला. मेलेल्यांच्यासुद्धा. सगळं कातरण चुलीत घातलं. मागच्या गल्लीतून तूस आणून पेटीत पसरलं.

अक्का आली, पेटीशी बसली. कातरण ओलं झालं म्हणून तूस घातलं, असं मी तिला सांगितलं. "मीं पाणीं नीट दिल्हें होतें रे," एवढंच म्हणाली. पुढच्या तीन दिवसांत उरलेलीही गेली. पोटातल्या दोऱ्याला कोण काय करणार?

अण्णांनी मला विचारलं, पेटीत काही चुकलं का? आणि मी — अक्का दारात उभी होती, मला दिसत होती — मी म्हणालो, "पेटींत खोट नाहीं, अण्णा. अक्काच्या हातालाच यश नाहीं."

विधवा बाईबद्दल बोललो मी हे. सख्ख्या बहिणीबद्दल. का, ते सांगत बसत नाही.

पुढच्या आठवड्यात ती तिरुविडैमरुदूरला गेली. तिथे एकवीस वर्षं रांधलं तिनं. रेल्वेनं अर्ध्या तासाचीही वाट नाही. मी वर्षातून एकदा जायचो, दिवाळीचं लुगडं घेऊन.

माझ्या थोरल्या मुलीचं बारसं झालं तेव्हा ती आली होती. मी मुलगी तिच्यापुढे धरली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला नको देऊं," म्हणाली. "तूंच बोल्लास ना, माझ्या हाताला यश नाहीं म्हणून." रागानं नाही. मलाच आठवण नसेल, म्हणून समजावून सांगितल्यासारखं.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मुलगी तशीच मेव्हणीकडे दिली आणि जेवणाची पानं मांडायला गेलो.

अक्का वारली त्याला बरीच वर्षं झाली. तिनं माझ्या चार मुलांपैकी एकालाही कधी उचलून घेतलं नाही.