मनोरमाबाईंची फरशी

वसई-विरारमधल्या शिक्षकांच्या ग्रुपवर मनोरमा राऊत हे नाव घेतलं, की आधी आठवायची ती त्यांची फरशी. जूचंद्रच्या पुढे, खाडीच्या अंगाला जिल्हा परिषदेची एक लहानशी शाळा आहे. तिथला तिसरीचा वर्ग बाईंकडे. ज्ञानरचनावादाचं प्रशिक्षण घेऊन त्या परतल्या तेव्हा अक्षरशः भारावलेल्या होत्या. मूल म्हणजे रिकामं मडकं नव्हे, ते आपलं ज्ञान आपणच रचतं, शिक्षकाने सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त, हे सगळं त्यांना मनापासून पटलं होतं. मग मे महिन्याची सगळी सुट्टी त्यांनी वर्गाच्या फरशीवर ओणव्याने काढली. संख्यारेषा, घड्याळ, सापशिडी, पालघर जिल्ह्याचा नकाशा, सगळं ऑइलपेंटमध्ये. नवरा जितेंद्र रविवारी मदतीला यायचा. समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत त्याने बाईंच्या सांगण्यावरून लिहिलं, ‘तुला काय वाटतं?’

फरशी इतकी देखणी झाली, की तिच्यावर पाय ठेवायला बाईंचाच जीव होईना. मुलं भिंतीला पाठ लावून बसू लागली. संख्यारेषेवर उड्या मारायच्या त्या पाहुणे आले की, तेही पाय धुऊन.

“ही शाळा आहे की म्युझियम?” जितेंद्र विचारायचा. बाई त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करायच्या.

डिसेंबरात निरोप आला, या वेळची शिक्षण परिषद तुमच्या शाळेत. आसपासच्या शाळांचे चाळीसेक शिक्षक येणार आणि त्यांच्यासमोर बाईंनी भागाकाराचा नमुना पाठ घ्यायचा. झालं! बाईंनी तालीम सुरू केली. कुठल्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा, कुणी आधी चुकायचं आणि कुणी ती चूक दुरुस्त करायची, सगळं पाठ करून घेतलं. मुलांनी स्वतः रचायचं ज्ञान बाईंनी आधीच रचून ठेवलं होतं.

त्या तालमीत सुरुची आडवी आली. सुरुची म्हणजे गावातली हडकुळी, चौकस पोर. तिची आई बाजारात मावरं विकायची, म्हणजे मासळी. सव्वीस चिंचोके पाच जणांत वाटायचे होते. पोरांनी ठरल्याप्रमाणे एका सुरात सांगितलं, “प्रत्येकी पाच, बाकी एक!”

सुरुची उठून उभी राहिली. “बाई, मंग तो एक कोनाला देयाचा?”

“कुणालाच नाही. बाकी म्हणजे उरलं, संपलं.”

“पन टाकून कसा देयाचा?”

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी बाई वैतागल्या. “सुरुची, परिषदेच्या दिवशी तू त्या उंच कॅथरिनच्या मागे बस. आणि एक शब्द बोलायचा नाही.”

सुरुची मागे जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून तिने खरोखरच तोंड उघडलं नाही. परिषदेच्याच दिवसापुरतं नव्हे, कधीच नाही. हजेरीला नुसती मान हलवायची. आठवड्याने तिची आई फाटकापाशी भेटली. “बाई, पोर घरी पन बोलत नाय. पयले माजा डोका खायची. आजारी हाय का, काय कलत नाय.”

पोर आजारी नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी स्कूटरवरून घरी परतताना त्यांना रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जवळ घेऊन गोडीत विचारून पाहिलं. सुरुची आपल्या पायांकडे बघत राहिली. पाठ कसा होईल याची काळजी मागे पडली. आता एकच घोर लागला, हे मूल पुन्हा विचारील का?

तरीही सवय सुटते थोडीच? परिषदेच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी फरशीवर ऑइलपेंटचा नवा हात मारला. खाडीकाठची दमट हवा, त्यात थंडी. सकाळी बघतात तो रंग ओलाच! वर्ग बंद ठेवून पाठ अंगणात, बदामाच्या झाडाखाली घ्यावा लागला.

या सगळ्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख व्हॅलेरियन सर पहिल्या खुर्चीत बसले. बाईंच्या हातात ना प्रश्नांची कार्डं, ना चिंचोके, सगळं आत कपाटात. गडबडीत त्यांनी दुसरा प्रश्न आधी विचारला. मुलांनी खणखणीत आवाजात पहिल्याचं उत्तर दिलं. बाईंनी पहिला विचारला, मुलांनी दुसऱ्याचं उत्तर दिलं. उमंगने तर ठरल्याप्रमाणे चुकून दाखवलं, पण ते चुकायला प्रश्नच कुणी विचारला नव्हता. मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली.

बाईंचे कान तापले. क्षणभर वाटलं, जमीन दुभंगावी. मग कॅथरिनच्या खांद्यामागून डोकावणारे दोन डोळे त्यांना दिसले, आणि लाज कुठल्या कुठे गेली.

“सुरुची, त्या उरलेल्या चिंचोक्याचं काय करायचं गं? मला खरंच ठाऊक नाही.”

सुरुची उठली, वर्गाचं दार ढकललं आणि ओल्या रंगावरून थेट कपाटाकडे गेली. सापशिडीवरून गेली, घड्याळावरून गेली आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन नकाशावरून परत आली. चाळीस शिक्षकांनी एकदम श्वास रोखला. बाईंनी तिला बसायला जागा करून दिली.

सुरुचीने मातीत सव्वीस चिंचोक्यांचे पाच वाटे लावले. मावऱ्याचे लावतात तसे, आधी मोठे, मग बारके. हातात एक उरला. सगळे वाटे तिने निरखून पाहिले आणि सर्वांत लहान चिंचोके आलेल्या वाट्यावर तो ठेवला.

“ह्यो वाटा बारीक हाय. आय असाच करते.”

“मग त्याला सहा झाले! भागाकार चुकला,” उमंग ओरडला. हे त्याला कुणीही पढवलेलं नव्हतं.

“त्यापेक्षा त्याचे पाच तुकडे करा,” कुणीतरी म्हणालं.

“चिंचोका फुटतो का कधी? आज एकाला द्यायचा, उद्या दुसऱ्याला,” कॅथरिन म्हणाली.

मग जी जुंपली! मोजून सारखं की दिसायला सारखं, वजन करायचं की नाही, चिंचोक्याऐवजी भाकरी असती तर काय, फुगा असता तर काय. पोरं गुडघ्यांवर येऊन भांडत होती आणि बाईंकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे बाईंना आज कळत होतं. हात मागे घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या.

“मॅडम, निष्कर्ष राहिला,” घड्याळ बघत व्हॅलेरियन सर म्हणाले.

“राहू दे सर. उद्या परत भांडतील.”

सर हसले आणि खुर्ची पुढे ओढून भांडण ऐकत बसले.

दुपारी पाहुणे पांगले. सुरुची वर्गाच्या दारात उभी होती. तळपाय लाल-निळे झालेले, आणि आत फरशीवर तिच्या पावलांची रांग.

“बाई, पुसू?” इतक्या दिवसांनी वापरात आलेला आवाज अजून जरा घोगरा होता.

“काही नको. राहू दे तशीच. इकडे ये.” बाईंनी तिला पायरीवर बसवलं आणि खोबरेल चिंधीवर घेऊन तिचे तळवे पुसायला घेतले. सुरुची बोटांवर काहीतरी मोजत होती.

“बाई, पंचवीस चिंचोके असले तर बाकी शून्य ना?”

“हो.”

“मंग तो शून्य कोनाला देयाचा?”

बाईंचे डोळे एकदम भरून आले. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. भिंतीवर मे महिन्यापासून लिहून ठेवलेलं, पण एकदाही तोंडातून न निघालेलं वाक्य त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

“तुला काय वाटतं?”