दोऱ्यासकट

साखऱ्यातल्या सात ख्रिस्ती घरांत प्रभुभोजनाची पोळी करण्याचा मान सोजराबाईचा होता. हा मान तिला कोणी दिला नव्हता, तिने आपणहून घेतला होता. दर सुगीला ती कुणाच्या तरी शेतात गहू काढायला जायची आणि मजुरीत मिळालेला गहू पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. ज्वारीवर पोसलेल्या त्या वस्तीत गहू म्हणजे चैन. पण त्या डब्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. एकदा दुखण्यातून उठलेल्या नवऱ्याने, ग्यानबाने, एका पोळीची इच्छा बोलून दाखवली, तर बाईने दुधात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली आणि वर सुनावलं, "बरे झाले न्हाई का तुमी? मग आता नखरे काहून?" ग्यानबा पुढे देवाघरी गेला, डबा तसाच राहिला.

तीन महिन्यांतून एकदा उकंडराव पाळक हिंगोलीहून एसटीने सेनगावला यायचे आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीने, नाहीतर पायी, साखरा गाठायचे. शनिवारी सोजराबाईच्या ओसरीवर मुक्काम, रविवारी प्रार्थनाघरात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी त्या पोळीचा एकेक तुकडा खायचा. पाळक यायच्या दिवशी दुपारी सोजराबाई न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन जात्यावर बसायची आणि पीठ होईपर्यंत कोणाशी अवाक्षर बोलायची नाही. एरवी तिचं तोंड झोपेतसुद्धा चालत असेल असा शेजारच्या नानीबाईला दाट संशय होता. त्यामुळे तेवढी शांतता नानीबाईला प्रभूची खास कृपा वाटायची.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली भादव्यात सोजराबाईचा मुलगा संतराम आणि सून मजुरीसाठी हिंगोलीला गेले होते. चार वर्षांची मार्था आजीपाशी होती, आणि ती तापाने फणफणली. सेनगावहून कंपाउंडर येऊन गोळ्या देऊन गेला. नानीबाईने सातही घरांची माणसं बोलावून प्रार्थना केली. ताप काही हटेना.

सोजराबाईची स्वतःची लेक याच वयाची असताना अशाच तापात गेली होती. त्याला बावीस वर्षं झाली होती. तेव्हाही तिने गुडघे सोलून निघेपर्यंत प्रार्थना केली होती. लेक गेली तरी ती देवावर रुसली नाही, पुढच्या रविवारी पोळी तिनेच केली. पण आता मार्थासाठी डोळे मिटले की तिला लेकीचे थंडगार तळपाय आठवायचे आणि प्रार्थना तिथेच तुटायची. बाई आतून पार घाबरून गेली होती.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला तिने मार्थाला नानीबाईच्या मांडीवर दिलं, "दूध बघून येते" म्हणाली आणि ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्याची वाट धरली. तांड्यावरचा थावरा तापावर दोरा मंतरून द्यायचा. हातात काळा दोरा ठेवताना तो भला माणूस म्हणाला, "बाई, पैसा नको. माझ्या देवाचं नाव मी घेतलं. बांधताना तुज्या देवाचं तू घे."

पण तिला ते नाव घेता आलं नाही. ज्याच्याकडे पाठ करून इथवर आलो, त्यालाच आता कोणत्या तोंडाने हाक मारायची? तिने मुकाट्याने पोरीच्या दंडावर दोरा बांधला आणि झग्याची बाही खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्थाला दरदरून घाम फुटला, ताप उतरला आणि पोरीने भाकर मागितली. वस्तीने देवाचे आभार मानले. सोजराबाईच्या जिवाला मात्र नवीनच घोर लागला. प्रभूचे आभार मानावेत तर दोरा टोचायचा. दोरा सोडावा तर ताप उलटेल ही धास्ती. आणि दोरा तसाच ठेवून त्या पोळीला हात कसा लावायचा? प्रभूच्या घराशी आपला संबंध संपला, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. नानीबाईला सांगितलं, "औंदा गव्हाला कीड लागली गं. पोळी न्हाई व्हायची." नानीबाई हबकली. दुसऱ्या कोणाच्या घरात मूठभरही गहू नव्हता.

शनिवारी उकंडराव आले. सत्तरीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. सोजराबाईला तरुणपणी बाप्तिस्मा त्यांनीच दिला होता आणि तिच्या लेकीला मातीही त्यांनीच दिली होती. नानीबाईने वाटेतच किडीची बातमी त्यांच्या कानावर घातली होती. ते ओसरीवर टेकले न टेकले तोच मार्था धावत येऊन गळ्यात पडली, बाही वर सरकली आणि दोरा उघडा पडला. पाळकांनी तो पाहिला. काही न बोलता बाही सारखी केली आणि पोरीला मांडीवर घेतलं.

त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर सोजराबाईने चार परत केले असते. त्या गप्प बसण्यापुढे मात्र तिचा इलाज चालेना.

"सोजरा, गव्हाचा डबा आण बरं."

तिने आणला. पाळकांनी गहू ओंजळीत घेऊन पाहिला. टपोरा, निवडलेला, एक दाणा किडका नव्हता. आता मात्र ती भिंतीला टेकून ढसाढसा रडली आणि तांड्यावर गेल्यापासूनचं सगळं सांगून मोकळी झाली.

"त्यानं माझ्यासाठी जीव दिला, पाळकसाहेब, अन् मी त्यालाच पाठ दाखवली. नावसुद्धा घेतलं न्हाई त्याचं."

पाळकांनी पोरीच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "दिवेलागणीला गेली म्हणतीस. ओढ्याला पाणी होतं?"

"मांडीइतकं होतं."

"अन् संगं कोणी न्हाई?"

"कोण ऱ्हाणार?"

"मग तो आला असंल मागं मागं. घाबरलेली बाई, वरून अंधारून येऊन राहिलं. तो काय घरी बसून ऱ्हाईल, सोजरा? तू पाठ केली असशील. त्यानं न्हाई केली."

सोजराबाई डोळे पुसायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली. प्रभू तिच्यावर रागावला असेल, दाराआड थांबला असेल, इतपत तिने धरलं होतं. तो चिखल तुडवत, ओढा ओलांडून तांड्यापर्यंत आपल्या मागे आला असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "दोरा तोडू का?"

"भ्या वाटून राहिलं ना अजून? मग राहू दे. लेकराला दोऱ्यासकट त्याच्या मांडीवर दे. अन् चल, दळायला बस."

"या हातानं?"

"दुसरे कुठून आणू? गावात ज्याचे बघावं त्याचे हात असेच हायेत. माझे बी."

एवढं बोलून ते जात्यापाशी आले, फतकल मारून समोर बसले आणि खुंटा धरला. पाळकाला जातं ओढताना पाहून नानीबाईने तोंडाला पदर लावला. दळण्यात त्यांची मदत कमी आणि अडचणच जास्त होती. पण सोजराबाईने पहिल्यांदाच एकही चूक काढली नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरात, द्राक्षारसाऐवजी ठेवलेल्या मनुकांच्या रसाच्या पेल्याशेजारी, तिची पोळी होती. तिचा तुकडा तिने दोन्ही हातांनी घेतला. मार्था शेजारीच बसली होती, आणि त्या दिवशी बाही खाली ओढायचं आजीला सुचलंच नाही.

नाताळच्या आधी एका सकाळी पोरीला न्हाऊ घालताना दोरा ओला होऊन दंडाला रुतला. सोजराबाईने तो दातांनी सोडवला आणि पोरीची पाठ चोळायला लागली. पाठ चोळून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटली नाही.

संध्याकाळी तिने डब्यातल्या गव्हाच्या दोन पोळ्या केल्या. प्रभुभोजन नसताना त्या डब्याला हात लागल्याची ही पहिलीच वेळ. पोळ्या फडक्यात बांधून ती तांड्यावर गेली. थावराने विचारलं, "दोरा हाय का पोरीच्या दंडात?"

"सोडला, थावरादादा. पोरगी चांगली हाय. तुमी माझ्या देवाचं नाव घ्यायला सांगितलं होतं ना, ते आज घेतलं."

थावरा हसला आणि त्याने पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

ती निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती. ओढ्याचं पाणी ओसरून घोट्याला आलं होतं. सोजराबाई एरवी झपझप चालणारी बाई. पण पाण्यात उतरल्यावर तिने पाय जरा सावकाश टाकले, मागून येणाऱ्याला बरोबर चालता यावं म्हणून.