ताप असला तर रामराम नंतर

ओजस, मैत्रेयी, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या फोनमध्ये सारखा बोलणारा तो माणूस कोण?" मी विषय बदलला. रविवारी तो माणूस आमच्या ग्रुपमधून निघून गेला, एक शब्द न बोलता. मला त्याचा राग आला आहे, आणि तो ताजा आहे तोवरच लिहिते.

ते बापू. नामपूरच्या बाजारात कांद्याचं वजन करायचे. बायकोला, सुमनला, स्तनाचा कॅन्सर. तुमच्या आजोबांच्या आजारपणात मी रुग्णांसाठी आणि त्यांचं करणाऱ्या घरच्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. आजोबा गेल्यावरही तो चालू ठेवला. नियम माझे: फुलं-सुविचार नकोत, काढे नकोत, प्रश्न लिहून आणि थोडक्यात विचारावा.

बापू सगळं बोलून पाठवायचे, चार-चार मिनिटं. आधी रामराम, मग माझे गुडघे, नाशिकची हवा, कांद्याचा भाव. मी वैतागून म्हटलं, "बापू, लिहीत का नाही हो?"

"लिहिता येतं ना ताई. पण लिहिलं म्हणजे घाबरलेला माणूस घाबरलेला दिसत नाय."

"मग मुद्द्याचं तरी आधी बोला!"

"कोणाच्या दारात गेल्या गेल्या आपलं रडगाणं लावू का? आमच्याकडे तशी रीत नाय."

एकदा सकाळी त्यांचा असाच लांबलचक निरोप आला. मी लांबी पाहिली आणि म्हटलं, ऐकू सावकाश. कपाट आवरलं, जेवले, झोपले. संध्याकाळी ऐकला. रामराम, गुडघे, भाव, आणि अगदी शेवटी, "ताई, हिले रातपासून ताप शे. मेडिकलवाला म्हणतो गोळी द्या. देऊ का?"

सुमनची किमो चालू होती, आणि किमोनंतरच्या तापात एकेक तास मोलाचा असतो. मी लगेच फोन केला. "बापू, गाडी काढा! आत्ता, या क्षणी!"

नाशिकच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सुमन कोणाला ओळखेनाशी झाली होती. डॉक्टर बापूंवर ओरडले, "सकाळीच का नाही आणलंत?" मी घरून थेट दवाखान्यात आले होते, शेजारीच उभी होते. बापूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझंच चुकलं साहेब. आधी कांद्याचा भाव सांगितला."

बाहेर आल्यावर मात्र हळूच म्हणाले, "दिवसभर पाहत होतो ताई, तुम्ही ऐकलं का ते." माफी मागायची होती, ती पुढे ढकलली. तीही सावकाशच.

सुमन त्या तापातून उठली. घरी गेली, पुरणपोळ्या लाटल्या, बापूंशी भांडली. वर्षभराने आजारानेच तिला नेलं. त्यानंतरही बापू ग्रुपवर थांबले. नवीन कोणी आलं की तासन्‌तास त्याचं ऐकून घ्यायचे, माझ्या नियमांना न जुमानता. आणि रविवारी गेले. फोन केला, तर म्हणाले, "आता घरी बोलायले कोणी नाय ताई, म्हणून बोलायची सवयच मोडतोय." मी चिडून म्हटलं, "हे काय कारण झालं?" त्यांनी माझे गुडघे विचारले आणि फोन ठेवला. माफी पुन्हा राहिली.

त्या तापाच्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी ग्रुपसाठी एक निरोप बोलून ठेवला होता. त्यांनी आयुष्यात पाठवलेला सगळ्यात छोटा: "ताप असला तर रामराम नंतर. आधी गाडी काढा." नवीन माणूस आला की मी तो सगळ्यात आधी ऐकवते. लिहून विचारायचा नियम मी काढून टाकला आहे. बापूंचा आवाज ग्रुपवर आहे.