शाणूबाबच्या दुकानाची पहिली जाहिरात

एका सज्जन माणसाला गावाने वाळीत टाकलंय, अशी बातमी मी एकदा पाऊण मिनिटात, रंगीत आणि संगीतासह, सगळ्या डिचोलीला दाखवली. तो माणूस आमचा क्लायंट होता. आणि त्याला वाळीत कोणीही टाकलेलं नव्हतं.

तेव्हा मी चोविशीत होते आणि मला सगळं समजत होतं. मुंबईला मामाकडे राहून जाहिरातीचा कोर्स करून आले होते. गॉगल डोळ्यांवर न घालता केसांवर घालत होते. गावी, आमोण्याला, आईने विचारलं, "तू म्हापशाला नेमकं काम काय करतेस?" तर मी म्हटलं, "कन्सेप्ट्स." आईने शेजारणीला ते अशा आवाजात सांगितलं की ती बिचारी विचारायला आली, डॉक्टर काय म्हणतात.

म्हापशाला मिंगेलसरांचा व्हिडिओ स्टुडिओ होता. मुख्य धंदा लग्नांचा. जोडीला दुकानांच्या जाहिराती. त्या काळी घरोघरी टीव्ही नव्हते, आणि जिथे होते तिथे लोक व्हिडिओ लायब्ररीतून सिनेमाची कॅसेट भाड्याने आणून शेजारपाजाऱ्यांसह बघत. आम्ही लायब्ररीवाल्यांशी बोलून त्या कॅसेटमध्ये सिनेमाच्या आधी आणि मध्यंतरात आमच्या जाहिराती घालायचो. बघणारा उठून जाऊ शकत नसे, कारण घर दुसऱ्याचं आणि चहा यायचा असे. यापेक्षा उत्तम मीडिया मी पुढे कधी पाहिला नाही.

शाणूबाब आले ते आषाढात. डिचोलीच्या बाजारात त्यांचं 'सुमती' नावाचं रेकॉर्डचं दुकान. दहा पावलांचं असेल. नाट्यगीतं, भजनं, तियात्राची म्हणजे कोंकणी नाटकांची गाणी, हिंदी, सगळं. रेकॉर्डी आणि कॅसेटी. काउंटरवर प्लेअर, बाहेर एक बाक. ऐका, मग घ्या. नाही घेतलं तरी बसा.

"आता बाकावर कोण बसत नाही," ते म्हणाले.

राजभाषा कुठली, मराठी की कोंकणी, यावरून गोवा पेटलेला होता. पुढे घटकराज्य झालं, सगळे निवले. पण त्या दिवसांत भावाभावांनी बोलणं टाकलं होतं. शाणूबाबच्या दुकानात भजनाच्या कॅसेटी दिसल्या म्हणून कोंकणीवाले म्हणत, हा मराठीवाला. तियात्राच्या दिसल्या म्हणून मराठीवाले म्हणत, हा कोंकणीवाला. दोघांनीही येणं सोडलं.

"तुम्ही नेमके कोणाचे?" मी विचारलं.

"मी दुकानदार गो," शाणूबाब म्हणाले.

काम मला मिळालं. मी तीन आयडिया काढल्या. आयडिया म्हणजे जाहिरातीची गोष्ट, चार ओळींत. ती क्लायंटला आवडली की मग चौकटी आखून चित्रं काढायची, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात.

पहिली आयडिया: कॉलेजातला मुलगा आणि मुलगी, एकच हेडफोन दोघांच्या कानाला.

"दुकानात हेडफोन एकच आसा," शाणूबाब म्हणाले. "त्याचाही एकच कान चालतो. बाकी बरी आहे."

दुसरी: दोन गिऱ्हाइकं काउंटरवर भांडतात, एकाला मराठी हवं, दुसऱ्याला कोंकणी. शाणूबाब हसून दोघांनाही कॅसेट देतात.

शाणूबाब म्हणाले, "बाय, शोकेसची काच मी आत्ताच नवी बसवलीय."

तिसरी आयडिया मला त्यांच्या घरी सुचली. मुळगावला त्यांनी जेवायला बोलावलं होतं. घरात ते, त्यांची बायको आणि आई. आईला सगळे माई म्हणत. माईंचं माहेर इब्रामपूरचं, पेडण्याच्या टोकाला, त्यामुळे बोलणं थेट मालवणी वळणाचं. चवथीचा विषय निघाला. चवथ म्हणजे आमची गणेशचतुर्थी. माई सोलकढी वाढता वाढता म्हणाल्या, "गेल्या वर्सा आमी टेपरेकॉर्डरवर आरती लावली."

आणि मला साक्षात्कार झाला. चवथीला टेपवर आरती. घरचे हात जोडून उभे. भाषणबाजी नाही, भाषाच नाही. आरतीला कोण विरोध करणार? आरत्या तर दोन्ही बाजूंचे लोक त्याच म्हणतात. मी डायरीत लिहिलं, 'रिअल लाइफ', आणि खाली दोन रेघा मारल्या.

माईंनी गेल्या वर्षी टेप का लावली, हे मी विचारलं नाही. कोर्समध्ये ते शिकवलं नव्हतं.

आता जे गोव्याचे नाहीत त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे चवथीच्या संध्याकाळी अख्ख्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे, लोक घुमट, शामेळ, झांजा घेऊन घराघरांत जातात आणि आरत्या म्हणतात. घुमट हे मातीचं वाद्य, एका तोंडाला चामडं. एका घरातून दुसऱ्या घरात, गळे बसेपर्यंत. घरातले लोक नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तयार ठेवून वाट बघतात. एखाद्या घरात आरतीला माणसं आली नाहीत, याचा अर्थ एकच होतो. हे मला माहीत नव्हतं का? मी आमोण्याची. जन्मापासून बघत आले होते. पण मुंबईला मामांच्या तिसऱ्या मजल्यावर कॅसेट लागायची, मी निरांजन फिरवायचे, आणि ते मला फार सुधारलेलं वाटायचं.

मिंगेलसर स्वतः ख्रिस्ती. त्यांनी स्टोरीबोर्ड बघितला आणि विचारलं, "चवथ तुमची. मला काही कळत नाही. असं करतात?"

"आता करतात, सर," मी म्हटलं.

"पळोवया," ते म्हणाले. म्हणजे, बघू.

शूटिंग श्रावणात, शाणूबाबच्याच घरी. चवथीआधी गणपतीची मूर्ती कोण देणार? मूर्तिकाराने मला हाकललंच. मग मी कॅमेरा देवाच्या बाजूला ठेवला आणि समोर तिघांचे चेहरे घेतले. समईचा उजेड, माईंचे जोडलेले हात, शेजारी टेपरेकॉर्डर, मागे लांबलचक मोकळी खोली. कॅमेरामन म्हणाला, "मागे चार माणसं उभी करूया? खोली खायला उठतेय." मी त्याला समजावलं की याला निगेटिव्ह स्पेस म्हणतात. शेवटी पडद्यावर अक्षरं: 'सुमती रेकॉर्ड सेंटर, डिचोली. आता आरती तुमच्या घरी.'

अक्षरं मराठीत आली तरी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लोकांचं लक्षच दुसरीकडे होतं.

जाहिरात सुटली आणि आठवड्याभरात शाणूबाबचा फोन आला.

"बाय, लोक येतायत दुकानात."

"मग? सांगितलं होतं ना."

"येतायत, पण घेत नाहीत. हळू आवाजात बोलतात. आज एक बाई शेवग्याची भाजी देऊन गेली."

मी दुसऱ्या दिवशी मुळगावला गेले. माईंनी आदल्या रात्री शेजारच्या घरी सिनेमा बघितला होता, म्हणजे जाहिरातही. मला वाटलं, खूश असतील.

"मी बरी दिसलंय," त्या म्हणाल्या. "पण घर केवढा रिकामा दिसता गो."

तेव्हा कुठे मी विचारलं, "माई, गेल्या वर्षी टेप का लावली होती?"

त्यांनी सांगितलं. गेल्या चवथीला नेवऱ्या तळून, समई लावून तिघं बसली होती. घुमट आधी वरच्या घरात वाजला. मग खालच्या घरात वाजला. मग लांब गेला. रात्र झाली तेव्हा शाणूबाब उठले, दुकानातली एक कॅसेट घरी होती ती लावली, आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या. यावर्षी तरी कोणी येतं का, एवढीच माईंना काळजी होती. दुकान चालेल न चालेल, त्याचं त्यांना काही नव्हतं.

शाणूबाब दारात उभे होते. मी म्हटलं, "जाहिरात काढून घेऊया." म्हटलं खरं, पण ते शक्य नव्हतं. चवथीच्या दिवसांत लायब्ररीच्या सगळ्या कॅसेटी घराघरांत फिरत होत्या. एकेक परत आणून त्यावरची जाहिरात पुसायला दिवाळी उजाडली असती.

"राहू दे," शाणूबाब म्हणाले. "खोटं काही दाखवलेलं नाहीस."

मिंगेलसर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पोर्टेबल कॅमेरा माझ्या पुढ्यात ठेवला. "चवथीला तिथे जा. कोणाच्याही घरची खरी आरती शूट करून आण. नवी जाहिरात फुकट करून देऊ."

म्हणून चवथीच्या संध्याकाळी मी स्वतःच्या घरचा गणपती सोडून मुळगावला. आईने त्याबद्दल पुढची पाच वर्षं ऐकवलं. शूट करायला मी वरच्या घरात जायला हवं होतं, जिथे गर्दी होती. पण पाय उचलेना. मी माईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला, म्हणजे लाकडी चौकटीला, बांधलेली फळं वाऱ्याने हलत होती. टेपरेकॉर्डर कोपऱ्यात तयार होता. शाणूबाब त्याच्याकडे बघतही नव्हते.

अंगणात पावलं वाजली. भिकूमामा आत आले. खाणीवर ट्रक चालवायचे, वाड्यावरचे घुमटाचे उस्ताद, आणि कडवे कोंकणीवाले. मागे दहाबारा माणसं. गणपतीला नमस्कार करायच्या आधी ते शाणूबाबवर धावले.

"शाणू, आमी मेल्यात काय रे? टेप कसली लावतोस? सगळी डिचोली माका विचारता, तुमच्या वाड्यार मनीस नात काय?"

"गेल्या वर्षी कोणी आलं नाही," शाणूबाब म्हणाले.

"म्हणजे? मास्तराचे लोक येऊन गेले मरे."

"नाही आले."

भिकूमामा काही बोलणार, तेवढ्यात सखाराम मास्तर दारात. मराठीवाल्यांचे पुढारी, शाळेत शिकवणारे. त्यांच्यामागे दुसरा जमाव, दुसरा घुमट.

"शाणू, ही काय पद्धत झाली?" मास्तर सुरू झाले. "आम्ही जिवंत असताना... " आणि त्यांना भिकूमामा दिसले.

हळूहळू उलगडलं ते असं. भांडणामुळे वाड्यावरच्या आरतीच्या मंडळीचे दोन तुकडे पडले होते. घरं वाटून घेतली होती, तोंडाने न बोलता. मास्तरांचे म्हणाले, शाणू भिकूमामांचा, ते जातील. भिकूमामांचे म्हणाले, शाणू त्यांचा, ते जातील. वर्षभर दोन्ही तुकड्या एकमेकांशी बोलल्याच नाहीत, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. बातमी दिली ती माझ्या जाहिरातीने.

खोलीत तीसेक माणसं, दोन घुमट, आणि कोणी कोणाकडे बघेना.

"भांडाण मागाहून," माई म्हणाल्या. "वात जळता."

मास्तरांनी सुरुवात केली. भिकूमामांचा घुमट मुद्दाम जलद. मास्तरांचा वादक ठाय लयीत. पहिलं कडवं म्हणजे दोन बैलांनी दोन दिशांना ओढलेली गाडी. दुसऱ्या कडव्याला लोक हसू दाबायला लागले. तिसऱ्याला भिकूमामांनी मास्तरांच्या वादकाकडे बघून मान हलवली, आणि लय एक झाली. ती अशी एक झाली की माझ्या छातीत घुमट वाजायला लागला. मी कॅमेरा कधी सुरू केला मला आठवत नाही. फुटेजमध्ये सुरुवातीला नुसती जमीन दिसते.

एकामागून एक आरत्या झाल्या. नेवऱ्या संपल्या, मग लाडू संपले. माई उभ्याच होत्या. बसा म्हटलं तर म्हणाल्या, "गेल्या वर्सा बसान झाला."

नवी जाहिरात मी दोन दिवसांत एडिट केली. तीच खोली, तोच समईचा उजेड, पण आता मागे पाऊल ठेवायला जागा नाही. टेपरेकॉर्डर बंद, त्यावर कोणीतरी झांजांची जोडी ठेवलेली. शेवटी माई कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "आरती तुमी म्हणा. बाकीचा सगळा शाणूकडे गावता."

वाक्य माझं, बोली त्यांची. ती ऐकून कोंकणीवाले म्हणाले आमची, मराठीवाले म्हणाले आमची. मी दोघांनाही हो म्हटलं.

ही जाहिरात चालली. मिंगेलसरांनी ती पुढे कितीतरी दुकानदारांना नमुना म्हणून दाखवली. शाणूबाबच्या बाकावर पुन्हा माणसं बसायला लागली, दोन टोकांना, मध्ये थोडी जागा सोडून. मग तीही भरली. दुकान सीडी येईपर्यंत टिकलं. माझा पगार वाढला, आणि गॉगल मी डोळ्यांवर घालायला लागले.

माझी मुलगी आता याच धंद्यात आहे. आई, क्लायंटकडे गेल्यावर पहिलं काय करायचं, म्हणून विचारते. मी सांगते, तो जे सांगेल त्यावर "का?" असं विचार. आणि उत्तर येईपर्यंत डायरी मिटलेली ठेव.

तर त्या दिवाळीच्या सुमारास मी ऐटीत शाणूबाबच्या दुकानात गेले होते. भिकूमामा बाकावर बसून काहीतरी ऐकत होते. त्यांना जाहिरातीत भरपूर दाखवलं होतं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "कशी वाटली, मामा?" त्यांनी रेकॉर्ड संपू दिली. मग म्हणाले:

"बाय, तुजी पयलीच जाहिरात बरी आशिल्ली. ती पळोवन आमकां लज दिसली. ही पळोवन नुसतें बरें दिसता."