'राहून राहिलो' आणि सतरा प्लॉट

सकाळी सव्वादहाला ऑफिसच्या फाटकातच एका बाईने मला अडवलं. माझ्या सायकलचं हँडलच धरलं तिने.

"तुमीच लिहून नेलं होतं ना बाबू? मंग आमचं नाव काहून नाही यादीत?"

ही सरूबाई. मूळची नागपूरजवळच्या खाप्याची. घरच्या मागावर लुगडी विणायची. माग बंद पडला तशी नवऱ्याबरोबर नागपूरला आली. नवरा गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलायचा. नाल्याच्या काठाला त्यांची झोपडी होती. 'होती' म्हणतो, कारण आठ दिवसांपूर्वी आमच्याच ऑफिसने ती पाडली होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सब-ओव्हरसियर म्हणून नुकताच लागलो होतो. जमीन मोजायची, खुंट्या ठोकायच्या, नकाशे काढायचे, हे माझं काम. गाव कराडकडचं. नागपुरात येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

नाल्याकाठून रस्ता जायचा होता. तिथल्या झोपड्या हलवून त्या लोकांना शहराबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट द्यायचे ठरले होते. ले-आउट म्हणजे आखून, तुकडे पाडून दिलेली जमीन. नागपुरात हा शब्द भाजीवालीच्या तोंडीही असतो. नियम एकच होता. सर्व्हेच्या दिवशी जो तिथे राहत असेल त्याला प्लॉट, पूर्वी कधीतरी राहून गेलेल्याला नाही. नियमात चूक काही नव्हती. प्लॉट मिळतोय म्हटल्यावर सोडून गेलेली माणसंही परत उगवतात.

नाल्याच्या पूर्वेकडचा सर्व्हे वानखेडेने केला होता. तो माझ्याच वयाचा ओव्हरसियर, पक्का नागपूरचा. पश्चिमेकडचा सर्व्हे माझा. वानखेडेच्या काठावरचं प्रत्येक घर यादीत आलं. माझ्या काठावरची सतराच्या सतरा गळली.

"बघतो," मी सरूबाईला म्हणालो.

"लवकर पाहा. लेकरं उन्हात आहेत."

मे महिना होता. ऑफिसात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आम्ही बसायचो, तरी घामाने कागद हाताला चिकटायचे. ही सतरा कुटुंबं एका कडुनिंबाखाली लुगडी बांधून बसली होती. झोपड्या पाडलेल्या, त्यामुळे जाऊन बघण्यासारखंही काही उरलं नव्हतं. ती माणसं तिथे राहत होती याचा पुरावा म्हणजे माझे कागद. आणि सोमवारी हे सतरा प्लॉट दुसऱ्या वस्तीच्या यादीला जाणार होते.

मी तडक हेडक्लार्ककडे गेलो. त्यांना सगळे मोठेबाबू म्हणत. पुण्याहून बदलून आलेले, माझ्याआधी महिनाभर. कामात चोख, पण कागदापलीकडे जग आहे हे त्यांना फारसं मान्य नव्हतं.

त्यांनी सरूबाईचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. अक्षर माझंच होतं, चांगलं वळणदार. 'सहा वर्षांपासून येथे राहिले.' खाली अंगठा. त्याखाली मोठेबाबूंचा लाल शेरा: पूर्वी राहिलेले, अपात्र.

"राहिले म्हणजे काय? राहून गेले. भूतकाळ आहे हा," मोठेबाबू म्हणाले.

"अहो, मी स्वतः पाहिलं. चूल पेटलेली होती."

"मग 'राहतात' असं का नाही लिहिलंत?"

मी फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला आणि मागे फिरलो.

जागेवर येऊन मी फील्ड बुक काढलं. फील्ड बुक म्हणजे जागेवर उभं राहून पेन्सिलीने लिहायची वही. त्यात रबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, म्हणजे आधी काय होतं ते दिसत राहतं. फॉर्म नंतर त्यावरून पक्के करायचे. वहीत सरूबाईचं उत्तर तिच्याच शब्दांत होतं. 'सहा वर्सापासून राहून राहिलो.' पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. सतरा वेळा.

मग आठवलं. फॉर्म पक्के करताना मला वाटलं होतं की अडाणी माणसं एकच शब्द दोनदा बोलतात. मी 'राहून' गाळला, 'राहिलो'चं 'राहिले' केलं आणि वाक्य नीटनेटकं झालं म्हणून खूशही झालो. शाळेत मला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं. ते असं भोवलं.

दुपारी डबा खाताना वानखेडेला हे सांगितलं. त्याला हसून हसून ठसका लागला.

"अबे, राहून राहिलो म्हंजे राहत आहे. आत्ता, या घडीले. मी जेवून राहिलो म्हंजे काय, जेवून उठलो का मी? हा डबा दिसून नाही राहिला तुले? मी त माझ्या काठच्या फॉर्मवर सरळ 'राहतात' लिहिलं."

धरमपेठेतल्या माझ्या घरमालकीणबाई डोळ्यांसमोर आल्या. त्या सांगायच्या, "काका आंघोळ करून राहिले." मी समजायचो आंघोळ झाली, आणि बैठकीत अर्धा तास ताटकळत बसायचो. मनात म्हणायचो, आंघोळीनंतर हा माणूस करतो तरी काय एवढा वेळ! चार महिने मी ही भाषा ऐकत होतो आणि तिचा वर्तमानकाळच मला कळला नव्हता.

हसू मात्र आलं नाही. लाज वाटली. सतरा घरं मी एका शब्दासरशी पाडली होती. तीच घरं पाडायला ऑफिसला मजूर लावावे लागले होते.

त्याच दुपारी साहेबांना अर्ज दिला. चूक माझी, असं स्वच्छ लिहिलं. साहेब रत्नागिरीकडचे, कडक, नागपुरात दोन वर्षं झालेली. त्यांनी शनिवारी सकाळी सुनावणी ठेवली.

शनिवारी सतरा घरची माणसं व्हरांड्यात बसली. आत सरूबाई, मोठेबाबू, वानखेडे आणि मी. साहेबांनी फील्ड बुक चाळलं.

"हे तुम्ही काल रात्री बसून लिहिलं नाही कशावरून?"

"पानांना छापील नंबर आहेत, साहेब. आणि शेवटच्या पानावर सर्व्हे संपला त्या दिवशीची तुमचीच तपासणीची सही आहे."

साहेबांनी आपली सही पाहिली. ती त्यांना नाकारता येईना.

मोठेबाबू खाकरले. "साहेब, वहीतसुद्धा 'राहिलो'च आहे. राहून राहिलो म्हणजे राहून झालं. उलट हे जास्तच झालं."

साहेब सरूबाईकडे वळले. "बाई, सर्व्हे झाला त्या दिवशी तुम्ही तिथे राहत होता का?"

"राहूनच राहिलो होतो ना साहेब."

"बघा, 'होतो' म्हणाल्या," मोठेबाबू म्हणाले.

सरूबाईने पदर खोचला. "आता तुमाले कसं सांगू जी? झोपडं होतं तवर झोपड्यात राहून राहिलो होतो. तुमी तोडलं, त आता निंबाखाली राहून राहिलो. जागा देसान त तिथं राहू. आमी राहनं सोडलंच कधी?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना काहीच उलगडेना. अशा वेळी साहेब लोक जे करतात तेच त्यांनी केलं. दाराकडे तोंड करून विचारलं, "गुलाबराव, चहाचं काय झालं?"

व्हरांड्याच्या टोकाकडून शिपायाचा आवाज आला. "करून राहिलो साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि फाइल पुढे ओढली. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. नोकरीत नवा होतो, तरी तोंड उघडलं.

"साहेब, चहा झाला का?"

"कसा होईल? करून राहिलो म्हणतोय ना तो. अजून पाच-दहा मिनिटं..."

साहेब थांबले. वानखेडे खिडकीबाहेर बघत होता, त्याचे खांदे मात्र हलत होते.

"मोठेबाबू," साहेब सावकाश म्हणाले, "दोन वर्षं मी हे 'करून राहिलो' ऐकतोय. ते ऐकल्यावर एकदाही झालेला चहा आलेला नाही."

"चहाची गोष्ट वेगळी आहे, साहेब."

"वेगळी कशी? चहाला एक व्याकरण आणि माणसांना दुसरं? लिहून घ्या. 'राहून राहिलो' याचा अर्थ इकडच्या बोलीत 'राहत आहे' असा होतो. सबब सतराही कुटुंबे पात्र."

मोठेबाबूंनी लिहून घेतलं. मग टाक थांबवून विचारलं, "आधार काय दाखवू?"

"कार्यालयातील दैनंदिन अनुभव."

तेवढ्यात गुलाबराव ट्रे घेऊन आत आला. त्याला कळेना की आज सगळे आपल्याकडे असे का बघतायत. साहेबांनी पहिला कप सरूबाईला द्यायला सांगितला. तिने तो उभ्याउभ्याच बशीत ओतून संपवला आणि दारातून बायकांना ओरडून सांगितलं, "भेटली वं जागा! उठा!"

सोमवारी मी आणि वानखेडे ले-आउटवर साखळी टाकून मोजणी करत होतो. ऊन भाजत होतं, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. खुंट्या ठोकायला ऑफिसचा माणूस असतो. त्याला कोणी ठोकूच देईना. प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या प्लॉटची खुंटी आपल्या हाताने ठोकली. सरूबाईने तर चारही ठोकल्या, नवऱ्याला एकीलाही हात लावू दिला नाही. पलीकडच्या रांगेतून पूर्वेच्या काठावरचे जुने शेजारी पाण्याचे हंडे घेऊन आले. नाल्याचे दोन्ही काठ पुन्हा एका जागी जमले.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो. सरूबाई कुडाला माती लिंपत होती.

"काय चाललंय सरूबाई?"

"घर बांधून राहिलो ना बाबू. लिहा बरोबर."

मी फील्ड बुकात लिहिलं, 'घर बांधून राहिलो.' फॉर्मवरही तेच लिहिलं, एक अक्षर न बदलता. मोठेबाबू फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"हे बांधून झालं की अजून चाललंय?"

"गुलाबरावला विचारा," मी म्हणालो.

पुढे मी रस्ते केले, पूल केले, डेप्युटी इंजिनिअर होऊन निवृत्त झालो. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या ओव्हरसियरला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो. माणूस बोलतो तसं लिहा. व्याकरण सुधारायचा पगार आपल्याला मिळत नाही.

कराडला मी परत गेलो नाही. धाकटा भाऊ अजून फोनवर विचारतो, "दादा, तू तिकडे राहिलासच की काय?"

"राहिलो नाही रे," मी सांगतो. "राहून राहिलो."