तळपदेबाईंचा दिवा

बाक अख्खा रिकामा असला तरी तळपदेबाई त्याच्या अगदी कडेला टेकत. कोर्टाच्या फाटकासमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल होते आणि पक्षकारांसाठी एक लांब बाक मी स्वखर्चाने ठेवला होता. प्रथम आल्या त्या दिवशी मी त्यांना नीट ऐसपैस बसण्याची सूचना केली. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. मागून कोणी दमूनभागून येईल." मागून कोणी आले नाही. त्या मात्र कामकाज संपेपर्यंत कडेलाच राहिल्या.

बाई गिरगावातील जुन्या प्रभू घराण्यातील. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि गिरणीतील कामगार व कचेरीतील कारकून यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग चालवीत. ती वर्षे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची. द्विभाषिक राज्याच्या तिजोरीत तूट आल्याने विद्यापीठाच्या अनुदानाला कात्री लागली होती आणि पहिला घाव संध्याकाळच्या वर्गावर पडणार होता. एवढी शिकलेली बाई फुटपाथवर का आली, असे मी विचारले. विभागाच्या पत्रांना उत्तर येत नाही, तुमच्या अर्जांना येते असे ऐकले, असे त्या म्हणाल्या. हे खरे होते. माझे शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंतच झाले असले तरी माझ्या अर्जाला उत्तर आले नाही, असे सहसा घडलेले नाही.

आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. मागणी दुप्पट लिहावी, म्हणजे सरकार निम्मी कापते आणि अर्जदाराला हवे तेवढे मिळते. त्यानुसार मी चार बाबी लिहिल्या: दोन शिक्षक, नवे सूक्ष्मदर्शक, एक शिपाई आणि संध्याकाळचा दिवा. बाईंनी मसुदा वाचला, माझीच लेखणी मागून घेतली आणि शिक्षकांवर रेघ ओढली. "मी आहे ना." मग सूक्ष्मदर्शकांवर. "जुने चालतात अजून." मी दंडक समजावून सांगितला, तर म्हणाल्या, "त्यांचीही ओढाताण असेल हो." हे त्यांचे पालुपदच होते. भाजीवाल्याबद्दल, घरमालकाबद्दल, सरकारबद्दल, सर्वांबद्दल.

अर्ज विद्यार्थ्यांच्या नावे जायचा होता. पहिली सही शिवराम परबाची. हा लालबागचा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा, सभामोर्चात पुढे असणारा तरुण. तो सही करीना. "ज्यांनी आमच्यावर लाठ्या चालवल्या, त्यांच्याकडं दिवा मागू काय, बाई?" त्याचे म्हणणे मला पटले. मग बाई म्हणाल्या, "दिवा त्यांचा नाही रे. आपलाच आहे. बटण तेवढं त्यांच्या हाताखाली गेलंय." हेही मला पटले. दोन्ही एकाच वेळी कसे पटले, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. शिवरामने सही केली, पण टाक असा आपटला की माझ्या टेबलावर शाई उडाली.

यथावकाश उत्तर आले. शिपाई मंजूर, दिवा मंजूर. मी समोरच्या हॉटेलातून सर्वांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत शिवरामने खालचा मजकूर वाचला. एवढ्यावर वर्ग चालतो असे अर्जदारांच्या मागणीवरूनच दिसत असल्यामुळे शिक्षक व साहित्य यांची तरतूद कायमची रद्द करण्यात येत आहे, असे तेथे होते. "मास्तर," तो मला म्हणाला, "आपल्याच सहीनं आपल्याला बांधलं." बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "दिवा तर मिळाला," असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. माणसाचा चेहरा वाचणे हे माझ्या धंद्याचे अंग आहे, तरीही त्या खूश होत्या की नाही हे मला सांगता येत नाही.

पुढे महाराष्ट्र राज्य झाले. लालबागपासून घोडपदेवपर्यंत गुलाल उधळला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई आल्या. आता सर्व काही पूर्ववत मागावयाचे, या समजुतीने मी कोरा करकरीत कागद काढला आणि चारही बाबी लिहिल्या. बाईंनी या वेळी शिपाईसुद्धा खोडला.

"बाई, आता आपलं सरकार आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर. नवा संसार आहे त्यांचा. आपल्या माणसांकडे जपून मागावं."

परके होते तेव्हा त्यांची ओढाताण म्हणून कमी, आपले आले तेव्हा आपले म्हणून कमी. मग पुरते मागायचे तरी कोणाकडे? मी हे स्पष्ट विचारले. "हे मलाही कळत नाही, मास्तर," बाई म्हणाल्या. त्या दिवशी मी लेखणी खाली ठेवली आणि त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली.

त्या अर्जाने शिपाई गेला, दिवा राहिला. पुढे बाई स्वतःच लवकर येऊन टेबले पुसत, सूक्ष्मदर्शक मांडत, शिकवत, पुन्हा आवरत. एका पावसाळ्यात ताप अंगावर काढला आणि त्यातच त्या गेल्या. वर्ग बंद पडला. शिवराम माझ्याकडे आला, तोपर्यंत तो परीक्षा पास होऊन प्रयोगशाळेत नोकरीला लागला होता. नवा शिक्षक मिळावा म्हणून मी उत्तम अर्ज लिहिला. उत्तर आले: सदर वर्गासाठी शिक्षकाची तरतूद नाही, तशी मागणीही पूर्वी नव्हती.

दिव्याची तरतूद मात्र चालू आहे. खर्च झाला नाही तर रक्कम परत जाते, म्हणून इमारतीचा पहारेकरी रोज संध्याकाळी त्या कुलूपबंद खोलीतला दिवा लावतो. घरी जाताना मी आणि शिवराम कधी कधी समोरच्या फुटपाथवर थांबतो. खिडकीच्या काचेतून बाईंनी मांडलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या बरण्या दिसतात.

"अर्ज मंजूर झाला म्हणायचा की नामंजूर?" मी एकदा त्याला विचारले.

तिथल्या कठड्यावर शिवराम अगदी कडेला टेकला होता आणि बाकीचा कठडा मोकळा होता.